गंजलेलं पुढचं सस्पेन्शन उतरवताना: फियाट आणि पद्मिनीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती नेमक्या कोणत्या गाड्यांसाठी आहे?

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० डिलाइट, प्रीमियर प्रेसिडेंट आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांसाठी. नावं बदलली तरी पुढची मांडणी तीच राहिली: प्रत्येक बाजूला वरचा आणि खालचा आर्म, कॉइल स्प्रिंग, टेलिस्कोपिक शॉकअब्सॉर्बर, दोन्ही बाजूंना जोडणारा अँटिरोल बार आणि चाक वळवण्यासाठी किंगपिन. ११८ एनई वेगळी. ती फियाट १२४ च्या घराण्यातली असून तिला किंगपिनऐवजी बॉल जॉइंट आहेत. गंज सोडवण्याचे उपाय तिलाही चालतील, भागांचा क्रम मात्र जुळणार नाही. अँबेसेडरला पुढे कॉइल स्प्रिंग नसून टॉर्शन बार आहे आणि पानेही इंची लागतात, त्यामुळे तिचं काम मुळातच निराळं.

सुरुवात कुठून करायची? इंजिन आधी उतरवलं तर जागा मोकळी होईल ना?

जागा होईल, पण स्प्रिंग काढताना पंचाईत होईल. खालच्या आर्मखाली जॅक लावून स्प्रिंग दाबायची, तर वरून गाडीचं वजन हवं. सगळी गाडीच जेमतेम ९०० किलोची. त्यातून इंजिन आणि गिअरबॉक्स निघाले की जॅक स्प्रिंग दाबत नाही, नाक उचलून गाडी घोडीवरून (गाडीखालच्या लोखंडी स्टँडवरून) सोडवतो. म्हणून सस्पेन्शन आधी, इंजिन नंतर. इंजिन आधीच निघालं असेल तर जॅकवर अवलंबून न राहता स्प्रिंग कॉम्प्रेसरच वापरा. इंजिनाच्या जागी सिमेंटची पोती रचायचा उद्योग करू नका, ती घसरतात.

आणि पाना हातात घेण्याआधी बॉडी तपासा. या गाडीला वेगळी चासी नाही. आर्म ज्या पत्र्याला आणि क्रॉस मेंबरला (पुढच्या आडव्या तुळईला) बसतात, तोच गाडीचा सांगाडा आहे. तारेच्या ब्रशने माती आणि जुनं अंडरकोटिंग खरवडा, लहान हातोडीने हलकेच वाजवत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पेचकस आत घुसला, तर तिथे आधी वेल्डिंगचं काम आहे. असं ठिकाण आर्मच्या माउंटिंगजवळ असेल तर सस्पेन्शन उतरवण्यापूर्वीच दोन्ही बाजूंमधली मापं घेऊन लिहून ठेवा. पत्रा कापल्यावर ती मापं परत मिळत नाहीत.

कोणते भाग वाचवायचे आणि कोणते बिनधास्त कापायचे?

सगळं काम याच प्रश्नावर उभं आहे. पद्मिनीचं उत्पादन थांबून पाव शतक झालं. किंगपिन सेट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा), आर्मचे बुश (सांध्यातल्या रबरी बाह्या), बेअरिंग, शॉकअब्सॉर्बर आणि ब्रेकचे होज अजून मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा जुन्या फियाटचं काम करणाऱ्या गॅरेजमधून मागवता येतात. वरचे-खालचे आर्म, किंगपिन धरणारा उभा तुकडा, स्टब अॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड आस), स्टिअरिंग आर्म आणि क्रॉस मेंबर मात्र भंगारातल्या गाडीतूनच मिळवावे लागतात. ती गाडीही तुमच्याइतकीच गंजलेली असते.

त्यामुळे नट अडकला तर नट फोडा, बोल्ट अडकला तर बोल्ट कापा, बुश अडकला तर बुश जाळीत बसण्यापेक्षा कापून काढा. शंभर-दोनशे रुपयांचा बोल्ट वाचवण्यासाठी आर्मचा कान वाकवणं हा तोट्याचा धंदा आहे. अनुभवी मेकॅनिक ग्राइंडर लवकर उचलतो आणि घण उशिरा. नवशिके नेमके उलट वागतात.

हत्यारं कोणती लागतील?

गाडी मेट्रिक आहे. १०, १३, १४, १७, १९ आणि २२ चे पाने व सॉकेट जवळ असावेत. सॉकेट सहा कोनांचेच घ्या. बारा कोनांचा सॉकेट गंजलेल्या डोक्याचे कोपरे झिजवतो आणि मग तो बोल्ट कशालाच दाद देत नाही. शिवाय अर्धा इंची ड्राइव्हची लांब टॉमी (सॉकेट फिरवायचा दांडा), एक किलोचा आणि दोन किलोचा हातोडा, पितळेचा ड्रिफ्ट (ठोकताना मध्ये धरायचा दांडा), छिन्नी, टाय रॉडचा पुलर, स्प्रिंग कॉम्प्रेसरची जोडी, चार इंची ग्राइंडर, चाकांवरचा ट्रॉली जॅक आणि दोन भक्कम घोड्या. बाटली जॅकवर स्प्रिंगचं काम करू नये. आर्म खाली येताना गोलाईत सरकतो, ट्रॉली जॅक त्याच्याबरोबर सरकतो आणि बाटली जॅक कलंडतो.

बॅटरीचा इम्पॅक्ट रेंच भाड्याने मिळाला तर घ्या. टॉमीला पाईप लावून दिलेला संथ जोर बोल्ट पिळून तोडतो. इम्पॅक्टचे छोटे छोटे धक्के गंजाचा थर भुगा करतात आणि बोल्ट शाबूत निघतो.

गंजलेले नट सैल करायला काय लावायचं? डब्ल्यूडी-४० पुरेल?

हलक्या गंजाला पुरेल. पण ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनलेलं मिश्रण आहे. वीस-तीस पावसाळे खाल्लेल्या बोल्टसाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल घ्या, किंवा ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अॅसिटोन समप्रमाणात मिसळा. हे मिश्रण एकजीव राहत नाही. दर वेळी बाटली हलवून लगेच थेंब टाका. अॅसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून ज्या दिवशी गॅस पेटवायचा त्या दिवशी ते जवळपास नको. रॉकेल-डिझेलही आत शिरतं, फक्त वेळ जास्त लागतो.

तेलापेक्षा वेळ महत्त्वाचा. आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा, नाहीतर तेल गंजाच्या पापुद्र्यावरच राहतं. मग सकाळ-संध्याकाळ तेल टाका आणि दर वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार-पाच नेटके ठोके द्या. त्याने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आत ओढलं जातं. तीन-चार दिवस हे करा. सोडवताना आधी किंचित आवळा, मग सोडा. पाव फेरा सुटला की थांबा, तेल टाका, परत आवळा, परत सोडा. एका दमात सोडायला गेलं की निघालेला भुगा आट्यांत अडकतो आणि अर्ध्यावर आलेला नट कायमचा बसतो.

तापवायचं कधी आणि किती?

तेल आणि ठोके देऊनही हलत नसेल तेव्हा. तापवायचा असतो नट, बोल्ट नव्हे. १२ मिमीच्या नटाचं तापमान ३०० अंशांनी वाढवलं तर त्याचं भोक सुमारे ०.०४ मिमीने मोठं होतं. आकडा किरकोळ वाटतो, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. त्यासाठी नट झटपट तापला पाहिजे. एलपीजीच्या लहान टॉर्चने सावकाश तापवत बसलं की बोल्टही तेवढाच तापतो आणि फरक उरत नाही. ऑक्सि-अॅसिटिलीनची बारीक ज्योत नटाच्या पैलूंवर फिरवा, मंद लाल रंग दिसला की ज्योत काढा. थोडं थंड होताना आट्यांना मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण आत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं.

ज्योत कुठे न्यायची नाही, हे जास्त महत्त्वाचं:

- शॉकअब्सॉर्बर. आत तेल बंदिस्त असतं, तापला तर फुटतो.
- कॉइल स्प्रिंग. तापलेल्या जागी पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि ती पुढे तिथेच बसते किंवा तुटते.
- ग्रीसने भरलेला किंगपिन. ग्रीस भरायचं निपल न काढता तापवलात तर उकळतं ग्रीस पिचकारीसारखं बाहेर येतं.
- ब्रेक होज, पेट्रोलचा पाईप, डांबरी अंडरकोटिंग.
- क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेली कुठलीही जागा. त्याच्या वाफा ज्योतीत आल्या की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पुसून, पूर्ण वाळवून मगच गॅस पेटवा.

पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी, आणि बॅटरीची तार सुटलेली.

उतरवण्याचा क्रम काय?

चाकं जमिनीवर असतानाच चाकाचे बोल्ट आणि सस्पेन्शनचे मोठे नट एकेकदा सैल करून घ्या. घोडीवर चढवलेल्या गाडीखाली पडून जोर लावणं धोक्याचं. मग गाडी उचला, घोड्या तपासलेल्या मजबूत जागीच लावा, मागच्या चाकांना ओंडके द्या आणि गाडी हलवून पाहा.

यानंतर अँटिरोल बार. त्याच्या पट्ट्या आणि लिंकचे बोल्ट हमखास तुटतात. तुटू द्या, स्वस्त आहेत. मग टाय रॉड एंड, मग ब्रेक. ड्रम काढून बॅकप्लेट आख्खी सोडवता आली आणि तारेने वर बांधून ठेवता आली तर ब्रेकची लाइन उघडावीच लागत नाही. बॅकप्लेट होजवर लोंबकळत ठेवू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा.

ब्रेक पाईप काढावाच लागला आणि त्याचा फ्लेअर नट फिरत नसेल, तर पाईप नटाच्या कडेला कापून टाका. मग त्या नटावर साध्या पान्याऐवजी सहा कोनी सॉकेट पूर्ण बसतो. तो पाईप तसाही नवाच घालायचा असतो.

यानंतर शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंग, किंगपिनचा उभा तुकडा आणि शेवटी आर्म. आर्मच्या शाफ्टमागे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) सापडले तर कुठल्या बाजूचे, पुढचे की मागचे, किती, हे लिहून त्याच पिशवीत ठेवा. चाकाचा कल त्यांवर ठरतो. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे जोडताना दुसरी बाजू बघायला शिल्लक राहते.

टाय रॉड एंड पुलरनेही निघत नाही. काय करू?

त्याचा दांडा निमुळता असतो आणि निमुळत्या भोकात पाचरीसारखा बसतो. दांड्याच्या डोक्यावर घण घातलात तर आटे फुलतात आणि पकड आणखी घट्ट होते. नट दोन-तीन आट्यांवर राहील इतका सैल करा, पुलर लावून ताण द्या. मग स्टिअरिंग आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने ठोका. भोक क्षणभर लंबगोल होतं आणि दांडा फटकन सुटतो. नट ठेवलेला असतो तो याचसाठी, नाहीतर पुलर तोंडावर येतो. काट्यासारखी पाचर वापरली तर रबरी बूट फाटतो. नवा एंड घालणार असाल तर त्याची फिकीर नको.

स्प्रिंग काढताना नेमका धोका काय असतो?

चाक हवेत लोंबत असलं तरी स्प्रिंग मोकळी झालेली नसते. ती खालचा आर्म आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये दाबलेलीच असते. शिवाय ती चाकापाशी नसून आर्मच्या मध्ये असते, त्यामुळे तिच्यावरचा जोर चाकावरच्या भारापेक्षा जास्त. शॉकअब्सॉर्बर आर्मला फार खाली जाऊ देत नाही. म्हणून तो सोडण्याआधी खालच्या आर्मखाली जॅक आलाच पाहिजे.

जॅक आर्मच्या बाहेरच्या टोकाजवळ लावा आणि वजन आर्मवर येईपर्यंतच उचला. गाडी घोडीवरून हलू लागली की जास्त झालं. एक साखळी स्प्रिंगच्या वेढ्यांतून आणि क्रॉस मेंबरभोवती सैल गुंफून कुलपासारखी अडकवा. मग शॉकअब्सॉर्बर काढा. दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावा, जास्तीत जास्त वेढे पकडा आणि दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बाजू आवळली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हूक निसटतात. गंजाने खड्डे पडलेल्या वेढ्यावर हूक घसरतो, तिथे आधी ब्रश मारा. कॉम्प्रेसरच्या आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका आणि त्यावर इम्पॅक्ट रेंच चालवू नका.

त्यानंतर उभा तुकडा खालच्या आर्मपासून सोडवा, तारेने वर बांधा आणि जॅक अगदी सावकाश उतरवा. या वेळी तुमचं डोकं, गुडघे आणि मदतनीस स्प्रिंगच्या रेषेत नकोत. लांब आट्यांच्या सळईला दोन प्लेटा लावून स्प्रिंग दाबायची पद्धत काही गॅरेजमध्ये दिसते. बाजारातली साधी सळई मऊ पोलादाची असते, तिच्या आट्यांवर एवढा भार सोपवू नये.

बोल्ट फिरतो, पण बाहेर येत नाही. का?

बुशच्या आतली लोखंडी नळी आणि बोल्ट गंजून एकजीव झालेत. तुम्ही फिरवताय ती नळी, आणि रबर पिळलं जातंय. ठोकून काही होणार नाही, कारण प्रत्येक ठोका रबर गिळतं. नट काढा. आर्म आणि ब्रॅकेट यांच्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा. पातं इंचाला १८ किंवा २४ दात्यांचं. रेसिप्रोकेटिंग करवत मिळाली तर दहा-पंधरा मिनिटांचं काम. १ मिमीची ग्राइंडर डिस्कही चालते, पण ती घसरली की ब्रॅकेटच्या कानात चर पडतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. आर्म टेबलावर आला की रबर ड्रिलने पोखरा, बाहेरच्या कड्याला आतून करवतीने एक चर मारा आणि छिन्नीने आत वळवा. रबर जाळून काढायची सवय सोडा. धूर विषारी असतो आणि आर्म वाकडातिकडा तापतो.

बोल्ट बॉडीतच तुटला. इझी-आउट (तुटका बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा पेच) वापरू?

शक्यतो नको. जो बोल्ट पान्याला हलला नाही तो त्याहून बारीक इझी-आउटने हलेल, ही आशाच चुकीची. आणि तो आत तुटला तर त्याच्या कडक पोलादाला साधा ड्रिल लागत नाही. तुकडा थोडाही बाहेर असेल तर त्यावर एक मापाने मोठा नट ठेवून आतून वेल्ड भरा. वेल्डची उष्णता गंज सोडवते आणि नटामुळे पाना धरायला जागा मिळते. लाल रंग जाईपर्यंत थांबा, मग पुढे-मागे हलवत काढा. पहिला नट तुटला तर दुसरा लावा. तिसऱ्या-चौथ्या वेळी सुटणं नवलाचं नाही.

तुकडा आतच असेल तर नेमक्या मध्यावर सेंटर पंच मारून ड्रिल करा. आटे परत पाडायचे असतील तर ८ मिमी, १.२५ पिचसाठी (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) ६.८ चा ड्रिल, १० मिमी, १.२५ पिचसाठी ८.८ चा. इथे एक फसगत होते: फियाटच्या १० मिमी बोल्टला बहुतेक ठिकाणी १.२५ पिच असतो आणि हार्डवेअरच्या दुकानात १.५ चा मिळतो. दोन आटे बोटाने जातो, मग घट्ट होतो, आणि माणूस पाना लावून उरलेले आटे मारून टाकतो. पिच गेज सोबत ठेवा.

किंगपिन खरंच गेलाय की बेअरिंग, हे कसं ओळखायचं? आणि तो काढायचा कसा?

खोलण्याआधी तपासा. चाक उचलून वरखाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन किंवा बुश.

काढताना किंगपिनला अडवणारी प्रत्येक गोष्ट आधी निघाली पाहिजे: ग्रीस निपल, टोकाची टोपणं आणि आडवी लॉक पिन असल्यास तीही. ही पिन निमुळती असेल तर बारीक टोकाकडून ठोका, जाड टोकाकडून ठोकलीत तर आणखी रुतेल. किंगपिन गाडीवर घणाने काढण्याचा हट्ट नको. उभा तुकडा टेबलावर आणा, चार दिवस तेलात ठेवा आणि हायड्रॉलिक प्रेसवर द्या. वीस टनी प्रेस लेथवाल्याकडे असते. प्रेसखाली तुकड्याला सपाट आधार हवा, तिरका राहिला तर कान तडकतो. प्रेसलाही दाद देत नसेल तर पिन मधून ड्रिल करून पोकळ करतात. ती आतून सैल पडते.

नवे बुश बसवल्यावर रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारावाच लागतो, आणि वरचा-खालचा बुश एकाच रेषेत. पिन ग्रीसशिवाय अंगठ्याच्या जोराने सरकली पाहिजे. घट्ट राहिली तर वळणावरून स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही.

काढलेले आर्म स्वच्छ कसे करायचे?

सँडब्लास्टिंग सगळ्यात चांगलं, भोकं आणि बेअरिंगच्या जागा टेपने बंद करून. घरी करायचं तर दोन मार्ग. एक, मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात दहा-पंधरा दिवस बुडवून ठेवा. वास शेजाऱ्यांना आवडणार नाही, पण चांगलं लोखंड खात नाही. अॅल्युमिनियम मात्र त्यात घालू नका.

दुसरा मार्ग इलेक्ट्रोलिसिसचा. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, दर पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. आर्म ऋण टोकाला, भंगार लोखंडाची पट्टी धन टोकाला. उलट जोडलं तर आर्मच विरघळतो. पट्टी स्टेनलेसची नको, क्रोमियमचे विषारी क्षार तयार होतात. मीठही नको, त्याने क्लोरीन निघतो. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर आणि ठिणगीपासून लांब. स्प्रिंग आणि कडक बोल्ट यात बुडवू नका. हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होतं. स्प्रिंगला तारेचा ब्रश आणि प्रायमर पुरे. तिच्यावर खोल खड्डे असतील तर बदला, आणि बदलायची तर दोन्ही बाजूंची.

साफ झाल्यावर आर्म सपाट फरशीवर ठेवून पीळ तपासा. वेल्डच्या कडा आणि बुशच्या कड्याभोवती बारीक तडा आहे का, ते भिंगाने बघा.

नवे बोल्ट कोणते घ्यायचे?

डोक्यावर ८.८ कोरलेले, आणि मूळ बोल्टवर १०.९ असेल तर तोच. ४.६ किंवा काहीच न लिहिलेला बोल्ट सस्पेन्शनला नको. स्टेनलेस गंजत नाही म्हणून लोक घालतात, पण साधं स्टेनलेस मऊ असतं. नायलॉक नट आणि स्प्लिट पिन एकदाच वापरायच्या. बोल्टच्या दांड्याला आणि बुशच्या नळीत अँटिसीझ (गंजून चिकटू न देणारी पेस्ट) लावा. रबरी बुशचे नट मात्र गाडी चाकांवर उभी करून, दोन-चार वेळा दाबून मगच शेवटचे आवळा. लोंबत्या आर्मवर आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

जोडल्यावर लगेच चालवता येईल?

अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत, सावकाश. ब्रेकची लाइन उघडली असेल तर हवा काढल्याशिवाय तेवढंही नाही. सगळ्या निपलांतून जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारा. शंभरेक किलोमीटरनंतर प्रत्येक नट पुन्हा तपासा. किनारपट्टीवर गाडी असेल तर पावसाळा संपल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि आर्मच्या सांध्यांवर मेणाचा स्प्रे मारा. जळकं इंजिन ऑइल फासू नका, ते बुशचं रबर फुगवतं.